विचारलंय म्हणून सांग

बस आली तेव्हा पॉलीनने नेहमीसारखी त्याची बाही जराशी ओढली आणि नेहमीचंच म्हणाली, "बरंय गॉर्डन, जपून जा. मॉयराला विचारलंय म्हणून सांग." तो "सांगतो" म्हणाला, चढला, ड्रायव्हरला पास दाखवला, खिडकीशी बसला, आणि शेफील्डच्या त्या ओळखीच्या चढावर बस कण्हायला लागली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की हे शेवटचं. सोमवारपासून कारखाना नाही. निरोपाचा केक खाऊन झाला होता, टेरीचं भाषण ऐकून झालं होतं, मांडीवरच्या पिशवीत भेटीचं पाकीट होतं. सोमवारपासून मॉयरा कशी आहे हे त्याला जगात कुणीही विचारणार नव्हतं. त्याला एकदम उतरावंसं वाटलं, मागे पळत जाऊन पॉलीनला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावावंसं वाटलं. पण भरल्या बसमध्ये मधेच उठून लोकांना पाय आखडायला लावणं त्याच्याने झालं नाही. तो बसून राहिला. मॉयराला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये चष्म्याच्या काचा घासायची यंत्रं उघडून साफ करायला कारखाना पंधरा दिवस बंद असे, आणि तेवढ्यात लोक स्पेनला जाऊन उन्हाने लाल होऊन येत. त्या पंधरवड्यात मॉयरा परसात घेवडा खुडत होती. डोकं दुखतंय म्हणून आत आली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि गेली. घेवड्याची टोपली मांडीवरच राहिली. डॉक्टर मेंदूतल्या कुठल्याशा नसेचं काहीतरी सांगत होता आणि गॉर्डन "हो का, हो का" म्हणत होता, जसं काही डॉक्टर हवेबद्दल बोलतोय. सगळं त्याच पंधरा दिवसांत उरकलं. मॉयराची बहीण कॅनडाहून आली आणि परत गेली. अंत्यविधीनंतरच्या चहापानाची उरलेली सँडविचेस तो कडा वाळेपर्यंत खात राहिला. मग सोमवार आला. चहाच्या रांगेत पॉलीन पुढे होती, फ्रेमा बसवायच्या टेबलावरची, कितीतरी वर्षं त्याच्या शेजारी काम करणारी. ती वळून म्हणाली, "काय रे, मॉयरा कशी आहे?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मजेत. तू कशी आहेस?" झालं. असं विचारलं की असंच सांगायचं, हे अंगात इतकं मुरलेलं. त्याच्या वडिलांची खाणीत दोन बोटं गेली त्या दिवशीही फाटकाशी शेजाऱ्याने हटकल्यावर ते "बरंय, चाललंय" म्हणूनच आत आले होते आणि मग आईसमोर खाली बसले होते. पॉलीन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. बरं झालं," आणि साखर घातलेली नसतानाही चहा ढवळत राहिली.

दहाच्या सुट्टीत सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. मग जेवणाच्या सुट्टीत. मग मंगळवारी. पण मंगळवारी सांगायचं म्हणजे सोमवारी मी खोटं बोललो असं सांगायचं, आणि वर पॉलीनला ओशाळं करायचं, की बाई गं, तू मेलेल्या माणसाची खुशाली विचारलीस. हे त्याला जमेना. आणि खरं सांगायचं तर तोवर त्याला चटकही लागली होती. रोज संध्याकाळी बसस्टॉपवर कुणीतरी तिचं नाव घेई, ती आत्ता, या क्षणी घरी असल्यासारखं. तो घरी जाई, दार लोटी आणि कोट काढायच्या आधी रिकाम्या स्वयंपाकघराला सांगे, "पॉलीनने विचारलंय." निरोप घेतलाय तर पोचवायला हवा. मग किटली ठेवी. हळूहळू मॉयराचं आयुष्य पुढे सरकायला लागलं. तिचा गुडघा दुखायला लागला आणि बरा झाला. तिने पडदे बदलले. ती चर्चच्या गायकवृंदातून रुसून बाहेर पडली, हे तर तिला इतकं शोभणारं होतं की सांगताना त्याला हसू आलं. नोव्हेंबरच्या पाच तारखेला, चौकाचौकात होळ्या पेटतात तेव्हा, दरवर्षी मॉयराच्या हातचा पार्किन कारखान्यात जायचा. आलं आणि काकवी घातलेला तो काळा केक. त्या वर्षी तो न्यायचा नाही म्हणजे कारण सांगावं लागणार. म्हणून त्याने स्वतःच केला, आठवेल तसा. ओव्हनमधून दगड निघाला. पण टेबलाभोवती सगळ्यांनी तो चावून चावून खाल्ला, "मॉयराचा हात तो मॉयराचाच हात" असं कुणीतरी म्हणालं, पॉलीनने तर दुसरा तुकडा मागून घेतला. त्या रात्री तो फार सुखात झोपला, आणि पहाटे जाग आली तेव्हा इतकं एकटं त्याला मॉयरा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पाकिटात जंगलातल्या एका लाकडी घराचं आरक्षण होतं, दोन दिवसांचं, दोघांसाठी, अंगणात गरम पाण्याचा स्वतंत्र टब. टेरी भाषणात म्हणाला होता, "गॉर्डन आता जन्मात पहिल्यांदा ओला होणार आहे, आणि मॉयराला माझं सांगणं आहे की..." तेवढ्यात पॉलीनने त्याच्या पायावर पाय दिला. टेरी लाल झाला, सगळे नको तितक्या जोरात हसले. गॉर्डनला वाटलं, टेरी काहीतरी वाह्यात बोलणार असेल. जाऊच नये असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण न जाणं म्हणजे इतक्या लोकांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाक मुरडणं. म्हणून त्याने बॅग भरली. भरताना मॉयराची निळी पोहण्याची टोपी हाताला लागली, तीही आत टाकली.

घर यॉर्कशरच्या उत्तरेच्या माळरानाला लागून, पाइनच्या दाट झाडीत होतं. मालकीण जॅनेट फाटकाशी रबरी बूट घालून उभी होती, चाळिशीची, मोठ्या आवाजाची, नव्या पाहुण्याला पहिल्या मिनिटात जुना करून टाकणारी. तिने शेगडी दाखवली, फ्रीजमधलं दूध आणि अंडी दाखवली, पाण्यात औषध कधी टाकायचं ते सांगितलं. "आणि हे झाकण एकट्याने ओढायच्या फंदात पडू नका हं, कंबर धरेल. जड आहे मेलं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि एकदम उचलायचं. मिसेस कुठायत?"

"उद्या येतेय," गॉर्डन म्हणाला. "बहिणीकडे गेलीय."

"अगंबाई, मग पहिली रात्र एकट्याचीच! चैन करा. उद्या येते मी पाणी तपासायला, तेव्हा भेटेन त्यांना."

तिची गाडी झाडीत दिसेनाशी झाली आणि तो आपल्याच शब्दांकडे बघत राहिला. इथे तर काहीच गरज नव्हती. या बाईने मॉयराला पाहिलेलं नव्हतं, हिला ओशाळं करायचा प्रश्नच नव्हता. "मी एकटाच आहे" एवढं म्हटलं असतं तर ती "बरं" म्हणाली असती. म्हणजे सवय आता त्याच्या ताब्यात नव्हती. आत पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस करून ठेवलेले होते, चोचीला चोच लावून. दाराआड दोन पांढरे गाऊन, खाली सपातांचे दोन जोड. त्याने राजहंस अलगद उचलून खुर्चीवर ठेवले, मोडू न देता, आणि पलंगाच्या आपल्या बाजूला बसला. दुसरी बाजू कुणाची हे इतक्या वर्षांत कधी ठरवावंच लागलं नव्हतं. आताही लागलं नाही.

उजेड असेपर्यंत टबात उतरू, म्हणून त्याने झाकणाशी झटापट केली. आधी एक बाजू उचलली, ती सरकली, मग वळसा घालून दुसरी. कंबरेने कळ दिली. पाणी छान गरम होतं, वाफ झाडांच्या बुंध्यांपर्यंत जाऊन विरत होती, आणि तो उतरला तेव्हा पाणी छातीपर्यंतच आलं. टब दोघांच्या हिशेबाने भरलेला. समोर दुसरं माणूस बसलं की पाणी चढून खांद्यावर यावं, अशी ती योजना. खांदे गार पडत होते. तो खाली घसरला की पाठ बाकावरून सुटे, वर बसला की खांदे उघडे. नोव्हेंबरचा वारा बरोबर तिथेच लागत होता. लग्नानंतरच्या पहिल्या घरात बंबात एकाच अंघोळीचं पाणी तापायचं. आधी मॉयरा उतरायची, गुणगुणायची, आणि मग हाक मारायची, "ये रे, गार होतंय!" तो तिच्या उष्ट्या पाण्यात उतरायचा. तिच्या साबणाचा वास असायचा, कडेला एखादा लांब केस चिकटलेला असायचा, आणि पाणी कोमटच असायचं. पण ते कुणाच्या तरी अंगाचं पाणी होतं. पुढे चांगला बंब आला, पैसे आले, तिला वेगळं पाणी, त्याला वेगळं पाणी. त्या वेळी दोघांना ती प्रगती वाटली होती. या टबातल्या पाण्याला औषधाचा वास होता. त्याच्या आधी यात कुणीच बसलेलं नव्हतं, इतकं ते स्वच्छ होतं. बटण दाबल्यावर ते सगळ्या बाजूंनी उसळायला लागलं, त्याची पाठ चेपायला लागलं, आणि त्याला भयंकर संकोच वाटला. त्याने बटण बंद केलं. पाणी निपचित झालं. पाइनच्या झाडांना वारा लागला की लांबून बस आल्यासारखा आवाज येतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीचा आवाज ऐकू आला तेव्हा तो बशी पुसत होता. जॅनेट. आत येणार, मिसेसना भेटणार. त्याला काय झालं कोण जाणे. साठी उलटलेला, जन्मात कुणाचा एक स्क्रू न चोरलेला माणूस चोरासारखा धावला. त्याने पलंगाची दुसरी बाजू विस्कटली, उशीवर मुठीने खळगा केला, एक गाऊन ओढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, न्हाणीघरात जाऊन शॉवर पूर्ण सोडला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. जॅनेट उंबऱ्यात उभी होती.

"आल्या वाटतं!" पाण्याचा आवाज ऐकून ती खूश झाली. "अंघोळीला का? असू दे, असू दे. मी काही थांबत नाही." आणि बंद दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "हॅलो हं! जॅनेट! निवांत होऊ दे तुमचं!"

आतून शॉवर वाहत राहिला.

"ऐकू नाही आलं," गॉर्डन म्हणाला. "तिला शॉवरखाली काही ऐकू येत नाही." हे मात्र खरं होतं. कधीच यायचं नाही.

जॅनेटने अंगणात पाणी तपासलं, हिरवी पट्टी बुडवून उजेडात धरली, गाडीत बसली आणि गेली. आता शॉवर बंद करायचा. गॉर्डन दारापाशी गेला, मुठीवर हात ठेवला, आणि त्याचा हात तिथेच राहिला. दाराच्या फटीतून वाफ येत होती. पाणी एकसारखं पडत होतं, कुणीतरी आत असताना पडतं तसं. इतकी वर्षं हाच आवाज तो रविवारी सकाळी अर्धवट झोपेत ऐकत आला होता, आणि त्या आवाजात मनाला कसली काळजी नसायची. दार उघडलं नाही तर ती आत आहे. इतकं सोपं. तो भिंतीला टेकला, मग खाली बसला, सपातांच्या दोन जोडांशेजारी. "मॉयरा," त्याने हाक मारली. हळूच, कारण ऐकू आलं नाही तर शॉवरमुळे आलं नाही असं म्हणता यावं. तो बसून राहिला. फटीतली वाफ विरळ होत गेली. टाकीतलं गरम पाणी संपत होतं आणि आता आत नुसतं गार पाणी पडत होतं. आणि गार पाण्याखाली मॉयरा एक क्षण उभी राहिली नसती, किंचाळून बाहेर आली असती, सगळ्या बंबवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. दारामागून कुणी किंचाळलं नाही. तेव्हा त्याला रडू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि असं, की त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. बऱ्याच वेळाने त्याने उठून दार उघडलं आणि हात ओला करून नळ बंद केला.

फोनला रेंज फक्त फाटकापाशी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी मिळतो, असं जॅनेटने सांगून ठेवलं होतं. तो कोट चढवून झाडीतून तिथवर चालत गेला. चार वाजून गेले होते, अंधारून येत होतं. सांगितलं की संपलं, हे त्याला ठाऊक होतं. आज पॉलीनला सांगितलं की उद्या ते सगळ्या कारखान्याला कळणार, आणि मग मॉयरा सगळीकडेच मेलेली असणार. आणि नाही सांगितलं तर ते न्हाणीघर घेऊन उरलेला जन्म काढायचा. त्याने नंबर लावला.

"अरे गॉर्डन! काय रे, बुडालास की काय तिकडे?" पॉलीनच्या घरात टीव्ही चालू होता. "पाणी गरम आहे ना? टेरी पैज लावत होता, तू बनियन घालूनच उतरशील म्हणून."

"गरम आहे. छान आहे. सगळ्यांना सांग छान आहे म्हणून."

"आणि मॉयरा कशी आहे?"

"मजेत" जिभेवर आलंच होतं. त्याने कचऱ्याच्या डब्याची कड घट्ट धरली.

"मॉयरा वारली, पॉलीन."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"हो रे राजा," पॉलीन म्हणाली. "ठाऊक आहे मला."

"दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे. तिच्या बहिणीने पेपरात दिलं होतं ना. माझी आई दुसरं काही वाचते का? कोण गेलं ते बघितल्याशिवाय चहा उतरत नाही तिच्या घशाखाली."

गॉर्डनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो म्हणाला, "पण त्या सोमवारी तू विचारलंस की."

"अरे, त्या सोमवारी माझ्या पर्समध्ये कार्ड होतं. सगळ्यांच्या सह्यांचं. रांगेत एकदम हातात कसं कोंबायचं? म्हटलं, आधी तिचं विचारावं, म्हणजे तू आपणहून सांगशील, मग द्यावं. तर तू म्हणालास, मजेत. मग मी काय बोलणार? तुझी बायको. तू म्हणतोस मजेत, तर मजेत. टेरीला दम दिला, तोंड उघडलंस तर बघ. नाहीतरी सांगेल चार दिवसांत, असं वाटलं होतं रे."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि तो पार्किन?"

"दगड होता मेला!" पॉलीन एकदम हसली आणि हसताहसताच तिचा आवाज फुटला. "टेरीची दाढ हलली, खरंच सांगते, डॉक्टरकडे गेला तो. पण टाकला नाही हं कुणी. एक कण नाही टाकला."

तोही हसला. रस्त्यावरून एक ट्रक लाकडं घेऊन गेला. दोन वर्षं इतकी माणसं त्याच्याभोवती उभी होती, हातात हात घालून म्हणावी तशी, आणि तो मधे एकटा मरत होता, कारण कुणालाच कुणाला लाजवायचं नव्हतं. त्याला त्यांचा राग आला. मग आपला आला. मग कुणाचाच आला नाही.

"तू रोज म्हणायचीस," तो म्हणाला. "विचारलंय म्हणून सांग."

"हं."

"माहीत असून."

"मग काय झालं? मला विचारायचंच असायचं तिला. आवडायची ती मला." पॉलीनने नाक शिंकरलं. "पण सांगायचास का तू?"

हे कधी कुणाला सांगावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. "रोज," तो म्हणाला. "घरी गेल्यावर. कोट काढायच्या आधी."

"मग झालं तर." तिने पुन्हा नाक पुसलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता उभा राहू नकोस थंडीत. जा आत. आणि मॉयराला..." ती अडखळली.

"सांगतो," गॉर्डन घाईघाईने म्हणाला.

परत येईपर्यंत काळोख झाला होता. त्याने दिवा लावला, खुर्चीवरचा गाऊन घडी करून परत दाराआड टांगला, उशीवरचा खळगा हाताने सारखा केला. मग कोट न काढता अंगणात गेला आणि झाकण बाजूला सारलं, आधी इकडून, मग वळसा घालून तिकडून. टबाच्या कडेला बसून त्याने पाण्यात हात घातला. कालच्यापेक्षा जरा कोमट वाटलं, किंवा त्याला तसा भास झाला असेल.

"पॉलीनने विचारलंय," तो म्हणाला.

एरवी तो इथे थांबत असे. आज आणखी काही सांगायला होतं, खरीखुरी बातमी होती, अशी, की ऐकताच मॉयराने हातातलं काम खाली ठेवलं असतं.

"अगं, ऐकलंस का," तो म्हणाला, "त्यांना सगळं माहीत होतं. त्या दगडासकट."

आणि तिला हसू आवरायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो थांबला. मग त्याने कोट काढला.